रिकाम्या हातानं आलेली बाई

दत्तरावांनी उभ्या नोकरीत एकच निरोप मनापासून, चांगल्या हेतूनं पाठवला, आणि नेमका तोच त्यांच्या अंगाशी आला.

दत्तराव परभणीच्या विमा कचेरीत विकास अधिकारी होते. हुद्दा ऐकायला भारी वाटतो. काम मात्र एवढंच की एजंट नेमायचे, त्यांच्या मागे लागायचं आणि मार्च महिना जवळ आला की स्वतःची झोप घालवून घ्यायची. माणूस सरळ होता, पण भित्रा. वरच्या साहेबाचा ट्रंककॉल आला तरी खुर्चीतून उठून उभं राहून बोलायचा. त्यांच्या हाताखाली बरेच एजंट होते. त्यात बाई एकच, सत्यशीलाबाई.

त्या काळी आपल्याकडं विमा विकला जायचा कोथिंबिरीसारखा. कोथिंबिरीची जुडी घेतली की गिऱ्हाईक वर दोन मिरच्या मागतंच. तसा माणूस सही करायच्या आधी एजंटाला विचारायचा, "अन् मपलं काय?" एजंटही तयारच असायचा. "पयला हप्ता मी भरतो, तुमी फकस्त सही करा," म्हणायचा. हा हप्ता तो आपल्या कमिशनातून सोडायचा. विमा कायद्याच्या एक्केचाळिसाव्या कलमानं याला साफ मनाई आहे. सवलत देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. पण कलम कचेरीतल्या कपाटात आणि गिऱ्हाईक बांधावर, दोघांची गाठ पडणार कशी? एजंटाचा कोटा पुरा व्हायचा, भिंतीवरच्या फळ्यावर त्याचं नाव लागायचं. आणि फुकटात आलेला विमा पुढच्या हप्त्याला गपचूप मरून जायचा, कारण जे फुकट येतं त्याची आठवण कोण ठेवतो? आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा होता तो, आणि कोहळा जायचा विधवेच्या ताटातला.

सत्यशीलाबाई एक पैसा सोडत नसत. त्यांचे मालक सिताराम शाळेत कारकून होते. ते अचानक गेले, तेव्हा त्यांच्या एका लहानशा विम्यानं घर तगलं. त्यानंतर बाईंनी परीक्षा देऊन एजंटाचं लायसन काढलं. परभणीत स्टेशनामागच्या त्यांच्या वस्तीत बाईच्या हातात सरकारी शिक्क्याचं लायसन आलेलं ते पहिलंच, म्हणून ते बघायला बायका येऊन गेल्या होत्या. घरात सासू आणि दोन शिकत्या मुली. सगळा गाडा त्या लायसनवर चालायचा.

सुरुवातीला दत्तरावांनीच त्यांना शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला होता. "बाई, थोडं सोडत जा. दुनिया तशीच आहे."

"साहेब," बाई म्हणाल्या, "मी सोडलं तर त्यांना वाटंल इमा ही बाईची गरज हाय. गरज त्यांची हाय. ज्यानं पयला हप्ता आपल्या कष्टाचा भरला, तो दुसरा इसरत न्हाई."

दत्तरावांनी मान हलवली आणि मनात म्हटलं, ही बाई सहा महिन्यांत घरी बसेल. पण बाई घरी बसल्या नाहीत. कापडी पिशवी आणि काळी छत्री घेऊन त्या जिंतूर रस्त्यावरच्या बोरीला जात राहिल्या. पहिल्या वर्षी बोरीत त्यांना ओट्याच्या कडेला बसवलं जायचं आणि पाणी वरून ओतलं जायचं. छप्पनला धम्म घेतलेल्या घरची लेक होती ती. हे सगळं तिनं बघितलेलं होतं आणि त्याला ती पुरून उरली होती. ती मुकाट ओंजळीनं पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि विम्याचं बोलायला लागायची. दोन वर्षांनी तिच्यासाठी बाज टाकली जाऊ लागली, आणि तिसऱ्या वर्षी पोलीस पाटलांच्या, आबासाहेबांच्या घरात तिला घरच्याच कपबशीत चहा आला. त्या दिवशी दत्तराव सोबत होते. ती कपबशी बघून त्यांना जे वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बाईंबद्दलचा त्यांचा सूर त्या दिवसापासून बदलला.

एवढं काम एका बाईच्या नावावर दिसू लागल्यावर कुणाच्या तरी पोटात दुखणारच. पाथरीकडच्या एका एजंटानं वर अर्ज ठोकला. त्याचं नाव सांगून त्याला मोठं करण्यात अर्थ नाही. अर्जात लिहिलं होतं की ही बाई बोरीत गिऱ्हाइकांना हप्ते सोडते, कापडचोपड वाटते, नाहीतर लोक तिच्याकडे विमा कसे काढतील? जो स्वतः देतो त्याला दुसरा न देता विकतो हे पटतच नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

साल शहात्तर, आणीबाणीचे दिवस. कचेऱ्यांतली घड्याळंसुद्धा घाबरून वेळेवर चालायची. अर्ज पोचल्यावर लगेच औरंगाबादहून भगवानराव नावाचे चौकशी अधिकारी यायचं ठरलं. आरोप शाबीत झाला तर सत्यशीलाबाईंचं लायसन जाणार, हे त्यांनी पत्रातच स्पष्ट लिहिलं होतं.

बाईंनी ते पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं. "येऊ द्या साहेबांला. मी काय दिलंच न्हाई, तर निघंल काय?"

दत्तरावांना मात्र झोप लागेना. सरकारी जीप दिसली की गावोगावचे पुरुष ज्वारीत पळायचे ते दिवस, नसबंदीच्या धास्तीनं. बोरीचे लोक पळाले तर बाईंच्या बाजूनं बोलणार कोण? म्हणून त्यांनी बोरीच्या एसटीवरच्या कंडक्टरजवळ, अप्पारावाजवळ निरोप दिला. "आबासाहेबांना सांगा, उद्या साहेब येणार आहेत. बाईंबद्दल विचारतील. कुणी पळू नका, आणि बाईंची इज्जत राखा."

निरोप एवढाच होता. त्यात वावगं काहीही नव्हतं. पण तो पोचला बोरीत, आणि बोरीची इज्जत राखायची रीत वेगळी होती.

ती रीत अशी. कुणाच्याही लेकीचं लग्न असलं आणि व्याही रुखवत बघायला आले, की मांडवात मांडलेल्या भांड्यांत अर्धी शेजाऱ्यापाजाऱ्यांची असायची. कुणी घंगाळ आणून ठेवायचं, कुणी समई, कुणी पितळी डबा. व्याह्यांनी विचारलं तर अख्खं गाव छातीवर हात ठेवून सांगायचं की सगळं लेकीच्या बापानं दिलंय. वऱ्हाड निघून गेलं की रात्रीतून भांडी आपापल्या घरी. यात खोटेपणा आहे असं बोरीत कुणालाच वाटत नसे. परक्या माणसापुढं आपल्या लेकीला रिकाम्या हाताची म्हणणं यापेक्षा मोठी शिवी तिथं नव्हती. आणि सत्यशीलाबाई आता बोरीची लेक झाली होती.

दुसऱ्या दिवशी जीप बोरीच्या शाळेपुढं थांबली. एकही माणूस पळाला नव्हता. उलट लोक धुवट कपडे घालून शाळेच्या वऱ्हांड्यात बसले होते, आणि आबासाहेबांनी तर ठेवणीतला कोट घातला होता. दत्तरावांना हायसं वाटलं. भगवानराव उतरले. गोरेपान, चष्मा, हातात जाडजूड फाईल; शहरात वाढलेला माणूस, पण डोळ्यांत कपट नव्हतं. सत्यशीलाबाई एका बाजूला पांढऱ्या लुगड्यात, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मी तुम्हाला एकच विचारणार आहे," भगवानराव म्हणाले. "विमा काढताना या बाईंनी तुम्हाला काही दिलं का?"

आबासाहेब उठले. त्यांनी एकदा सत्यशीलाबाईंकडं मायेनं बघितलं आणि घसा खाकरला. "दिलं की साहेब. मला फेटा बांधला. जरीचा."

दत्तरावांनी खिशातला रुमाल काढला.

"मला लुगडं दिलं," सुलाबाई म्हणाली. ती आबासाहेबांची शेजारीण. "खण दिला, नारळ दिला. माही ओटी भरली बाईनं." धम्म घेतलेल्या बाईनं ओटी भरल्याचं ऐकून सत्यशीलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

मुंजाजी हॉटेलवाला तर उभाच राहिला. गावात मी मागं पडलो असं त्याला कधीच चालत नसे. "मपला पयला हप्ता बाईनं सोडला साहेब. दुसराबी सोडला. तिसराबी सोडायली होती, पर मीच म्हणलं, राहू द्या बाई, तुमालाबी लेकरं हायेत."

भगवानराव लिहीत होते आणि त्यांच्या कपाळावरची आठी खोल होत होती. एकामागून एक माणसं उठत होती. टोपी मिळाली, टॉवेल मिळाला, पोराला झबलं मिळालं, एका म्हातारीनं तर शेळी मिळाल्याचं सांगितलं. प्रत्येकजण सांगून झालं की सत्यशीलाबाईंकडं बघून समाधानानं मान हलवायचा, जणू म्हणायचा, भिऊ नको, आमी हावोत.

दत्तरावांना आता सगळं उमगलं. आपल्या निरोपानं गावानं बाईंचं रुखवत मांडलं होतं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली होती. पण तोंड उघडायचं कसं? साक्षीदारांना आधी निरोप पाठवला हे कळलं तर बाईंच्या लायसनबरोबर दत्तरावांची नोकरीही जाणार. ते रुमालानं मान पुसत बसले.

भगवानरावांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कायदा माहीत आहे का? अशी सवलत देणं गुन्हा आहे. घेणंही गुन्हा आहे. तुम्हाला दंड होऊ शकतो."

वऱ्हांड्यात चुळबुळ झाली. ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. दत्तरावांना वाटलं, सुटलो. आता हे मागं फिरतील. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळ्यांनी आबासाहेबांकडं बघितलं.

"दंड व्हय?" आबासाहेब शांतपणे म्हणाले. "लिहा मग. बोरीनं निजामाच्या राज्यात दंड भरले, आताबी भरंल. पर लेकीचं नाव खाली पडू देणार न्हाई."

त्या म्हाताऱ्याला मिठी मारावी की त्याच्या तोंडावर हात ठेवावा, हे दत्तरावांना समजेना. खरं सांगायचं तर एवढं भाबडं आणि एवढं दांडगं गाव त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं.

आता सत्यशीलाबाई उठल्या. "साहेब, हे सगळे माह्यासाठी खोटं बोलायलेत. मी कुणालाच काय दिलं न्हाई."

"ज्यांच्यावर आरोप आहे त्या असं म्हणणारच," भगवानराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडी खंतच होती. "अख्खं गाव एक सांगतंय आणि तुम्ही एकट्या दुसरं. मी काय धरून चालू?"

"त्यांला म्हणा, वस्तू दाखवा."

बाईंना वाटलं होतं, इथं तरी गाव अडेल. पण जे गाव एका हाकेवर मांडवभर भांडी गोळा करतं, त्याला वस्तू दाखवायला सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. लोक चटाचटा उठले आणि घरोघर पांगले. थोड्याच वेळात शाळेच्या टेबलावर फेटे, लुगडी, टॉवेल, पितळी तांब्या आणि मुंजाजीच्या हॉटेलातली कोरी किटली असा ढीग पडला. त्या म्हातारीनं शेळीही आणली. शेळीनं पहिलं काम केलं ते भगवानरावांच्या फाईलचा कोपरा चघळायचं.

सगळ्यांत शेवटी आली सरजाबाई. गावाच्या कडेला राहणारी म्हातारी, पाठीत वाकलेली. दोन वर्षांपूर्वी तिचा एकुलता लेक नागनाथ विहीर खोदताना दरड कोसळून गेला होता. त्याच्या विम्याच्या पैशावर म्हातारीनं म्हशी घेतल्या आणि सुनेला, मनकर्णेला, कुणाच्या दारी जाऊ दिलं नाही. ती सून तिच्या मागोमाग येऊन दाराशी उभी राहिली. सरजाबाईच्या दोन्ही हातांवर एक निळं लुगडं होतं, इरकली काठाचं. घडी कधी मोडलेलीच नव्हती.

तिनं ते इतरांच्या ढिगात टाकलं नाही. भगवानरावांच्या पुढ्यात अलगद ठेवलं. "हे बाईनं दिलं साहेब. माह्या लेकानं इमा काढला त्या दिशी."

सत्यशीलाबाईंनी ते लुगडं बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा धीर सुटला. इतका वेळ त्या उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "उचला ते. त्याला हात लावू नका कुणी. मपलं लायसन जाऊ द्या. मी कुठंबी चार घरची कामं करीन. पर हे मपल्या नावावर लावू नका."

"बाई, साक्षीदाराशी बोलू नका," भगवानराव म्हणाले.

सरजाबाई हटली नाही. लुगड्यावर हात ठेवून ती म्हणाली, "हिनंच दिलं. लिहा."

भगवानरावांनी पेन उचललं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मनकर्णा म्हणाली, "आत्या, खोटं बोलू नका."

सगळे वळले. सून सासूला चारचौघांत असं म्हणते हे बोरीत घडत नसे. मनकर्णेनं पदर डोक्यावर ओढून घेतला, नजर खाली ठेवली, पण ती थांबली नाही.

"ते लुगडं ह्यांनी आणलं. जिंतूरच्या बाजारातून. बाई त्या टायमाला आमच्या ओसरीत बसलेल्या होत्या, इम्याचा कागद घेऊन. ह्यांनी एकच आणलं, आत्याला. मला आणलं न्हाई. मी तोंड फुगवलं. तर हे हसत हसत बाईलाच म्हणले, 'बाई, तुमी हप्ता सोडला असता तर आज दोन लुगडी आली असती बगा घरात. ही रुसायली ती तुमच्यामुळं.' मग बाई म्हणल्या, 'हप्ता सोडला तर लुगडं येईल भाऊ, पर इमा जाईल.' ह्यांनी हप्ता मोजून दिला. अन् मी दोन दिस बोलले न्हाई त्यांच्याशी."

ती थांबली. मग हळू म्हणाली, "पुढं पाऊसकाळ लागला अन् ते गेले. बाईनं हप्ता सोडला असता तर मला लुगडं आलं असतं साहेब. आलं न्हाई. हीच माही जबानी."

सरजाबाईचा हात लुगड्यावर तसाच होता. लेकाचा तो हसरा आवाज सुनेच्या तोंडून असा परत ऐकू येईल हे तिला ठाऊक नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि सत्यशीलाबाईंनी तिला जवळ घेतलं.

दत्तराव उठून उभे राहिले. उभं राहिल्यावर त्यांना कळलं की आपण उठलोय. एक अडाणी सून भरल्या गावात सासूसमोर खरं बोलली आणि आपण, पगारी माणूस, रुमालानं मान पुसतोय याची त्यांना शरम वाटली होती. "साहेब," ते म्हणाले, "चूक माझी आहे. मीच काल निरोप पाठवला, बाईंची इज्जत राखा म्हणून. या गावात इज्जत राखायची रीत मला माहीत होती आणि तरी मी तो शब्द वापरला. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा. पण या ढिगातली एकही वस्तू बाईंनी दिलेली नाही." आणि मग एका दमात त्यांनी रुखवताची सगळी हकीकत सांगून टाकली. आयुष्यात वरच्या साहेबापुढं ते इतकं कधी बोलले नव्हते.

भगवानरावांनी चष्मा काढून पुसला. शेळीकडं बघितलं, किटलीकडं बघितलं, जरीच्या फेट्याकडं बघितलं. "आबासाहेब, हा फेटा कुणाचा?"

आबासाहेब खाली बघत म्हणाले, "मपल्या लग्नातला."

"आणि किटली?"

"मपल्या हॉटेलातली. उद्या चुलीवर ठेवायची होती," मुंजाजी पुटपुटला.

भगवानरावांनी लिहिलेले सगळे कागद उभे आडवे फाडले. माणूस कायद्याचा होता, पण कायदा कुणासाठी केलाय हे विसरलेला नव्हता. "आता नव्यानं लिहितो. खरं सांगा. आणि नीट ऐका, हा कायदा कशासाठी आहे. एजंटानं काही न देता विमा विकला तर तो खरा एजंट. तुम्ही तिला दानशूर म्हणता तेव्हा तुम्ही तिला बदनाम करता. इथं रिकामा हात म्हणजेच इज्जत."

हे बोरीला पचायला जड गेलं. परक्या साहेबापुढं, आपल्या लेकीच्या देखत, तिनं काही दिलं नाही असं कसं म्हणायचं? आबासाहेबांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सुलाबाई तर भिंतीकडंच वळून बसली.

शेवटी सरजाबाईनं डोळे पुसले आणि सत्यशीलाबाईंचा हात आपल्या हातात घेतला. "लिहा साहेब. ही आमच्या दारी रिकाम्या हातानं आली. माहा लेक गेला तवा पुलावरून पाणी चाललं होतं, एसटी बंद होती, तवाबी ही चिखलातून चालत आली, अन् तवाबी हात रिकामाच होता. माह्यापाशी बसली. कागद केले. पैसे आले तवा मी हिला एक रुपाया देयला लागले, तर त्योबी घेतला न्हाई. रिकाम्या हातानं आली अन् रिकाम्या हातानं गेली. लावा माहा अंगठा."

अंगठा लागला. मग आबासाहेब पुढं आले. "मलाबी काय दिलं न्हाई," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज चढला. मुंजाजी म्हणाला, "मला तर त्याच्याहून न्हाई दिलं." एक एक करत लोक येत गेले, आणि मघाशी जी शिवी वाटत होती ती बघता बघता वाजतगाजत निघालेली मिरवणूक झाली. काही दिलं न्हाई, काही दिलं न्हाई. सत्यशीलाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. दत्तरावांनी आपल्या नोकरीत पुष्कळ सत्कार बघितले, हार बघितले, ढाली बघितल्या. त्यातला एकही याच्या पासंगाला पुरत नव्हता, असं ते पुढं जन्मभर सांगत राहिले.

निघताना गावानं बाईंच्या पिशवीत शेंगा, गूळ, हुरड्याची कणसं कोंबायला सुरुवात केली. बाई संकोचून भगवानरावांकडं बघू लागल्या.

"एजंटानं देण्याला मनाई आहे," भगवानराव जीपमध्ये चढत म्हणाले. "गावानं लेकीला द्यायला माझ्या माहितीत तरी कलम नाही." मग दत्तरावांकडं वळून म्हणाले, "तुमच्या निरोपाबद्दल मी लिहिणार आहे. ताकीद मिळेल. ती घ्या."

"घेतो साहेब," दत्तराव म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, कारण भीती वाटली नाही.

टेबलावरचा ढीग ज्याचा त्यानं उचलून नेला. निळं लुगडं तेवढं राहिलं. सरजाबाईनं ते उचललं, उराशी धरलं आणि सत्यशीलाबाईंपुढं येऊन थांबली. सगळ्यांना वाटलं, आता ती ते बाईंना देणार. बाईंनाही वाटलं, आणि त्या नको म्हणायला हात पुढं करत होत्या.

पण सरजाबाई त्यांच्याशी बोलत होती, देत नव्हती. "बाई, हे मी एकदाबी नेसले न्हाई. लेकाची आठवण म्हणून ठेवलं. आज कळलं, त्याच्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली असंल."

ती वळली, दाराशी उभ्या असलेल्या सुनेजवळ गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या लुगड्याची घडी मोडून ते तिच्या खांद्यावर टाकलं.

"घे मने," सरजाबाई म्हणाली. "तुझं राहिलं होतं."